कुंपणच शेत खातं तेव्हा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘कुंपण’ हा विषय दिला आणि मूल, सिंदेवाही, नागभीडकडच्या धानाच्या बांध्या डोळ्यांपुढे आल्या. धान भरू लागला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी उलथीपालथी करतो. मग कुणी मचाणावर जागल करतो, कुणी काटेरी फांद्या रचतो. कुणी कायद्याची मनाई असूनही धुऱ्यालगतच्या तारेत थेट वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर चिकटतं, वाघ चिकटतो आणि अंधारात आपल्याच शेतात पाय टाकणारा शेतकरीही चिकटतो. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा बातम्या नव्या नाहीत.

मी ज्या कुंपणाच्या मागावर निघाले ते रक्तात असतं. त्यातली वीज कधीच पूर्ण बंद नसते. डॉक्टर त्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात. मोठ्या शहरांतल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या परिषदांमध्ये गेली काही वर्षं त्याचीच चर्चा आहे, कारण त्याला आवरणारी अतिमहाग औषधं एकामागून एक बाजारात येत आहेत. जिथे खरूज, साप, हिवताप आणि कुष्ठरोग रोजच्या जगण्यात आहेत, तिथे हेच कुंपण कसं वागतं, ते मला पाहायचं होतं.

सकाळची सूज

धानोरा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडी बाजाराच्या दिवशी सर्वांत जास्त गर्दी असते. मीठ-मिरचीसाठी यायचंच असतं, त्याच फेरीत दवाखानाही उरकतो. नवरात्र तोंडावर आलं होतं. आश्रमशाळेत शिकणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन एक बाई बाकावर बसली होती. मुलाच्या पापण्या फुगलेल्या होत्या.

“सकाळी उठला तं डोळेच उघडत नव्हते जी,” ती डॉक्टरांना सांगत होती. “दुपारी थोडं उतरते. पुन्हा सकाळी तसंच.”

“लघवीचा रंग?”

“कोऱ्या चहासारखा.”

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून लहान मुलांचा बीपीचा पट्टा काढला. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या दंडाला गुंडाळला तर रक्तदाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून हा वेगळा पट्टा ते स्वतः जपून ठेवतात. रक्तदाब वयाच्या मानाने बराच चढलेला निघाला. लघवीत बुडवलेल्या पट्टीवर रक्त आणि प्रथिनं या दोन्ही चौकोनांचे रंग बदलले. मग त्यांनी मुलाचे हात हातात घेऊन बोटं फाकवली. बेचक्यांत आणि मनगटांवर खाजवून पडलेले ओरखडे होते, वाळलेल्या खपल्या होत्या.

“हे फोड कधीचे?”

“ते तं पोळ्याच्या वेळचे. आता बरे झाले ते.”

तिच्या लेखी फोड ही झाली-गेली गोष्ट होती आणि तोंडावरची सूज हा नवा आजार. या आजाराचा घात नेमका इथे आहे. खरूज असते कातडीवर. ती खाजवून जखम होते आणि जखमेत स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू शिरतो. पू होतो, खपली धरते, सगळे निर्धास्त होतात. मग तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंड सुजतं. घसा दुखण्यातून हाच आजार झाला तर मधलं अंतर एक-दोन आठवड्यांचंच असतं आणि आईला दोन्ही प्रसंग आठवतात. कातडीच्या बाबतीत मधे इतके दिवस जातात की कारण आणि परिणाम यांची गाठ घालून देणारं कुणी लागतं. त्या दिवशी ते काम डॉक्टरांनी केलं.

मुलाला दाखल करून घेतलं. मीठ बंद, पाणी मोजून, लघवी होण्याचं औषध, उरलेसुरले जिवाणू मारायला पेनिसिलिन आणि दर काही तासांनी रक्तदाब. रक्तदाब एकदम चढून झटके येणं हा पहिल्या दिवसांतला मोठा धोका असतो. तो टळला तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

वीज कुठून येते

आता त्या मुलाच्या मूत्रपिंडात काय चाललं होतं ते पाहू. कॉम्प्लिमेंट म्हणजे तीसहून अधिक प्रथिनांचा ताफा. त्यातली बहुतेक यकृतात तयार होतात आणि रक्तातून फिरत असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमचे झ्यूल बोर्दे यांच्या लक्षात आलं की ताजा रक्तद्रव जिवाणू फोडतो, पण तोच ५५ अंशांपर्यंत तापवला की त्याची ती ताकद जाते. त्यात न तापवलेल्या रक्तद्रवाची थोडी भर घातली की ती परत येते. उष्णतेने मरणारं काहीतरी त्यात आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. १९१९ चं नोबेल त्यांना प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं.

या ताफ्यात मध्यभागी सी-३ हे प्रथिन आहे. एक लिटर रक्तद्रवात ते साधारण एक ग्रॅम असतं, म्हणजे प्रथिन म्हणून चांगलंच मुबलक. प्रतिपिंडं जिवाणूला चिकटली की ते जागं होतं, जिवाणूच्या पृष्ठभागावरची विशिष्ट साखर ओळखली गेली की जागं होतं. काहीही झालं नाही तरी ते आपोआप, थोडं थोडं, सतत फुटत असतं. फुटल्यावर त्याचा एक तुकडा जवळ जो पृष्ठभाग सापडेल त्याला घट्ट चिकटतो. तो परका आहे की घरचा, हे त्या तुकड्याला कळत नाही. चिकटलेला तुकडा आणखी सी-३ फोडतो आणि साखळी वाढत जाते. पुढे सी-५ फुटतं. त्याचा एक भाग पांढऱ्या पेशींना बोलावून आणतो, दुसरा भाग इतर प्रथिनांना जोडीला घेऊन समोरच्या पेशीला आरपार भोक पाडतो.

मग आपण रोज जिवंत कसे राहतो? आपल्या पेशींच्या अंगावर ही साखळी तोडणारी प्रथिनं असतात आणि रक्तात फॅक्टर-एच नावाचं आणखी एक प्रथिन फिरत असतं. ते घरच्या पृष्ठभागावर चिकटलेला सी-३ चा तुकडा निकामी करतं. म्हणजे तारेत वीज कायम आणि घरच्यांपुरती ती तोडायची सोय जागोजाग.

मूत्रपिंडात ही सोय नेमकी तोकडी पडते. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. तिथल्या लाखो सूक्ष्म गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. या गाळणीतला सूक्ष्म पडदा पेशींचा बनलेला नाही. त्यामुळे पेशींच्या अंगावर असतात तसे रक्षक त्याच्यावर नाहीत. त्याला रक्तातून येणाऱ्या फॅक्टर-एचवरच विसंबावं लागतं. रक्ताशी त्याची गाठ मात्र अखंड पडत असते.

त्या मुलाच्या फोडांतून स्ट्रेप्टोकॉकसची प्रथिनं रक्तात गेली आणि काही या पडद्यात जाऊन अडकली. काही आठवड्यांनी शरीराने त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली, तीही तिथे पोचली आणि साखळी पेटली. या जिवाणूचं एक विकर प्रतिपिंडांची वाट न पाहता थेट सी-३ ची साखळी सुरू करू शकतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे. पांढऱ्या पेशी धावून आल्या आणि गाळण्या सुजून तुंबल्या. मीठ आणि पाणी अंगात साचलं, म्हणून पापण्या सुजल्या. तांबड्या पेशी निसटल्या, म्हणून लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. अशा वेळी रक्तातला सी-३ मोजला तर तो खाली गेलेला असतो, कारण तो वापरला गेलेला असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो पूर्ववत व्हायला हवा. तीन महिने उलटूनही झाला नाही तर आजार वेगळा आहे, जन्मजात दोषाचा किंवा फॅक्टर-एचविरुद्ध शरीरानेच बनवलेल्या प्रतिपिंडांचा, अशी शंका घ्यावी लागते.

किडा आणि त्याची युक्ती

खरजेचा किडा डोळ्यांना जेमतेम दिसतो. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यात अंडी घालते. हा किडा आपल्या आतड्यातून आणि विष्ठेतून अशी प्रथिनं सोडतो, जी माणसाच्या कॉम्प्लिमेंटला रोखतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे गेल्या दोन दशकांत उलगडलं. माणसाचं रक्त-रस शोषणाऱ्या किड्याला स्वतःचं आतडं वाचवायचं असतं. पण त्याने स्वतःभोवती कुंपणाची वीज तोडली की त्या आडोशाला स्ट्रेप्टोकॉकसही फोफावतो. कातडीत जिथे कॉम्प्लिमेंट हवं तिथे ते दबलेलं आणि मूत्रपिंडात जिथे नको तिथे पेटलेलं, अशी ही उलटी स्थिती आहे. खरूज आणि पुवाचे फोड नेहमी जोडीने का दिसतात, याचं खाजवण्यापलीकडचं उत्तर इथे आहे. मला स्वतःला या सगळ्या विषयात याहून थक्क करणारी गोष्ट आढळली नाही.

एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात गेले. मुलं शेजारी शेजारी झोपतात, थंडी पडली की एका पांघरुणात दोघं-तिघं. पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. खरजेला पसरायला इतकं पुरतं. अधीक्षिकाबाईंनी औषधाच्या ट्यूब दाखवल्या. पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांच्या कडांसकट लावायचं, रात्रभर ठेवायचं, सात दिवसांनी पुन्हा. “ज्याला खाज आहे त्यालाच लावून भागत नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं, चादरी-सतरंज्या एकाच दिवशी उन्हात टाकाव्या लागतात. एक मूल सुटीवरून उशिरा आलं की पुन्हा सुरू.” सुटीत मूल घरी जातं तेव्हा किडाही घरी जातो आणि घरच्यांसाठी मलम मागायला सहसा कुणी येत नाही.

खरजेची गणना आपल्याकडे लाज वाटण्याजोग्या किरकोळ तक्रारींत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं, त्यामागे मूत्रपिंडाचं हे गणितही आहे. फिजी बेटांवर काही गावांत सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा वर्षभरात खरजेचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी सॉलोमन बेटांवर मुलांची खरूज आटोक्यात आणली, तर त्यांच्या लघवीत रक्त सापडण्याचं प्रमाणही घटलं होतं. कातडीवर इलाज केला आणि फरक लघवीत दिसला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांतला अनुभव याच्या पुढचा आहे. लहानपणी हा मूत्रपिंडदाह होऊन गेलेल्यांत मोठेपणी लघवीतून प्रथिनं जाण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे ‘पूर्ण बरा झाला’ हे वाक्य काहींच्या बाबतीत घाईचं ठरतं.

आयव्हरमेक्टिन आपल्याला अनोळखी नाही. नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या सामूहिक औषधोपचारात ते २०१९ मध्ये दिलं गेलं. चंद्रपूर-गडचिरोलीत हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन घरोघर फिरणाऱ्या आशाताई आहेतच. गरोदर बाया आणि १५ किलोंहून कमी वजनाची मुलं वगळून हे औषध खरजेसाठीही गावोगाव देता येईल. त्या फेरीत मुलांच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या जाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

नाग, घोणस आणि घोड्याचं रक्त

रोवणीच्या दिवसांत बाया वाकून चिखलात हात घालतात, रात्री माणसं जमिनीवर झोपतात. या भागात साप चावणं हा ऋतूचाच भाग आहे. अनेकदा आधी पुजाऱ्याकडे नेलं जातं आणि त्यात मोलाचे तास जातात. एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिकेने कोरडी, स्वच्छ काचेची नळी दाखवली. रुग्णाचं थोडं रक्त तीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग तिरपी करून पाहायचं. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलं आहे. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही. वीज गेली तरी ही तपासणी अडत नाही.

कॉम्प्लिमेंटच्या इतिहासात नागाला मानाचं स्थान आहे. त्याच्या विषात सी-३ ची नक्कल करणारं एक प्रथिन असतं. विष मिसळल्यावर रक्तद्रवाची जिवाणू फोडण्याची ताकद जाते, हे फ्लेक्सनर आणि नोगुची यांनी १९०३ मध्येच नोंदवलं. आपल्या शरीरात सी-३ फोडणारी जोडी तयार झाली तर ती दीड मिनिटात निम्मी विरघळते. नागाच्या प्रथिनाची जोडी तासन् तास टिकते आणि रक्तातला सी-३ संपवून टाकते. प्राण्यांत कॉम्प्लिमेंट नाहीसं करून त्याचं काम समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हेच प्रथिन वापरलं. प्रत्यक्षात नाग चावलेला माणूस दगावतो तो श्वासाचे स्नायू लुळे पडून. मूत्रपिंड खाणारा साप म्हणजे घोणस.

घोणशीचं विष रक्त गोठवणारी यंत्रणा बेफाम चालवून रिती करतं. रक्तदाब कोसळतो, सूक्ष्म गुठळ्या होतात, लघवी थांबते. काही रुग्णांत रक्त पुन्हा गोठू लागल्यावरही प्लेटलेट घसरत राहतात, तांबड्या पेशी तुटलेल्या दिसतात आणि डायलिसिसची वेळ येते. मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला झालेली ही इजा कॉम्प्लिमेंट बेलगाम झालेल्या जन्मजात आजारासारखीच दिसते. त्यामुळे सर्पदंशातही कॉम्प्लिमेंटचा हात कितपत आहे, यावर संशोधन चालू आहे. या घडीला रुग्णाला वाचवतं ते वेळेत मिळालेलं प्रतिविष.

तेही घोड्याच्या रक्तातलं, म्हणजे शरीराला परकंच. त्यातल्या प्रथिनांचे गठ्ठे कॉम्प्लिमेंटला चेतवू शकतात, म्हणून पहिल्या तासात अंगावर गांधी उठतात, दम लागतो, रक्तदाब पडतो. त्यासाठी अ‍ॅड्रिनलिन भरलेली सिरिंज आधीच तयार ठेवलेली असते. आठवडा-पंधरवड्याने ताप, सांधेदुखी आणि पुरळ आलं तर तो सीरम सिकनेस. घोड्याची प्रथिनं आणि आपली प्रतिपिंडं यांच्या गाठी जागोजाग बसून कॉम्प्लिमेंटला पेटवतात, तो हा आजार. घरी परतलेल्या रुग्णाला त्याची कल्पना द्यायला हवी, नाहीतर विष अजून उतरलं नाही म्हणून तो पुन्हा मांत्रिकाच्या दारात जातो.

वरोऱ्यात

बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी उभारायला घेतलेलं आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. कुष्ठरोगाच्या काही रुग्णांना उपचार सुरू असताना किंवा संपल्यावरही ‘रिअ‍ॅक्शन’ येते. अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, ताप चढतो, नसा ठणकतात. मेलेल्या जिवाणूंचे अवशेष, प्रतिपिंडं आणि कॉम्प्लिमेंट यांचा तो दाह असतो आणि त्यात मूत्रपिंडही सापडू शकतं. रिअ‍ॅक्शन वर्षानुवर्षं येत राहिली तर मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि ते निकामी होतं. जिवाणू संपला तरी आजार संपला असं नाही, हे कुष्ठरोगाइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. सिकल सेलच्या रुग्णांतही फुटलेल्या पेशींतला हीम हा घटक कॉम्प्लिमेंटला चेतवतो. गडचिरोलीतल्या आदिवासींमध्ये सिकल सेल आहे, हे अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं होतं.

पुण्यापासून भामरागडपर्यंत

१९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन लॅम्ब्रिस यांच्या प्रयोगशाळेत अरविंद साहू या भारतीय संशोधकाने असंख्य छोट्या पेप्टाइडांतून सी-३ ला पकडून ठेवणारं एक पेप्टाइड शोधून काढलं. त्याला कॉम्पस्टॅटिन हे नाव मिळालं. पुढे साहू पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये आले. देवीच्या कुळातले आणि इतर विषाणू माणसाच्या कॉम्प्लिमेंटला कसे चुकवतात, याचा शोध त्यांच्या प्रयोगशाळेने घेतला. खरजेच्या किड्याची युक्ती या विषाणूंनाही साधली आहे. कॉम्पस्टॅटिनच्या वंशातलं पेगसेटाकोप्लान हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका दुर्मिळ आजारासाठी मान्य झालं आणि २०२५ मध्ये सी-३ मूत्रपिंडविकारासाठी. सी-५ अडवणारं एक्युलिझुमॅब २०११ पासून बेलगाम कॉम्प्लिमेंटच्या मूत्रपिंडाच्या आजारात वापरलं जातं. ते जगातल्या सर्वांत महागड्या औषधांपैकी एक आहे.

भारतीय मुलांत बेलगाम कॉम्प्लिमेंटच्या या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत फॅक्टर-एचविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात, हे दिल्लीच्या एम्सच्या बालमूत्रपिंड विभागाने दाखवलं. तिथे प्लाझ्मा बदलून आणि प्रतिकारशक्ती दाबणारी जुनी, स्वस्त औषधं देऊन मुलं वाचवली जातात. म्हणजे पैशाअभावी हात टेकावे लागतातच असं नाही. शिवाय कुंपण पूर्ण बंद करण्याचीही किंमत आहे. कॉम्प्लिमेंट अडवणारी औषधं घेणाऱ्यांना मेनिंजायटिसच्या जिवाणूचा धोका अनेक पटींनी वाढतो, आधी लस टोचावी लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे ताप आल्यावर तासाभरात रुग्णालय गाठा, असा सल्ला कोण पाळू शकणार?

म्हणून या दोन जिल्ह्यांपुरतं माझं मत पक्कं झालं आहे. दुर्मिळ आजाराच्या मुलाला नागपूर-मुंबईपर्यंत पोचवणारी वाट हवीच. पण बहुसंख्य मुलांच्या मूत्रपिंडाची राखण वसतिगृहाच्या चादरीपासून सुरू होते. त्यासाठी लागतं ते सगळं परवडणारं आहे: मलम, साबण, लघवीच्या पट्ट्या, लहान मुलांचा बीपीचा पट्टा आणि फोड वाळल्यावरचे सहा आठवडे लक्षात ठेवणारं माणूस.

धानोऱ्याच्या त्या मुलाला घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: आठ आठवड्यांनी सी-३, नागपूर. आईने विचारलं, किती दिवस मोडतील. तेव्हा धान कापणीला आलेला असणार होता. डॉक्टर थोडा वेळ थांबले आणि त्यांनी कागद फिरवून मागच्या बाजूला नवा बेत लिहिला. दर दुसऱ्या बाजारी मुलाला इथेच आणायचं, रक्तदाब आणि लघवीची पट्टी इथेच होईल. आठ आठवड्यांनंतरही रक्तदाब चढलेला राहिला किंवा पट्टीवर प्रथिनं दिसली तरच नागपूर आणि तेव्हा गाडीची सोय ते स्वतः बघतील. शाळेत परत गेला तर? मग पट्टी शाळेत होईल. त्यांनी तिथल्या तिथे अधीक्षिकाबाईंना फोन लावला आणि मुलाच्या खोलीत आणखी कुणाला फोड आहेत का, ते आज रात्रीच पाहायला सांगितलं.